दान आणि देखभाल

चंदनाचे दहा उपवास पार पडले आणि घरातल्या प्रत्येकाला वाटायला लागलं, की यात थोडंफार आपलंही आहे. सगळ्यांत जास्त तिच्या मोठ्या दिराला, गोमटेशला. अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळपासून त्यानं चिकोडीच्या पाहुण्यांपासून कोल्हापूरच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना कळवून टाकलं होतं, "आमच्या घरात दहा झाले." त्याचं स्वतःचं या दहा दिवसांत एकदाही सूर्यास्ताच्या आत जेवण झालं नव्हतं, पण ते कोण विचारतंय.

आज पारण्याच्या सकाळी मात्र तो गप्प होता. बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन सगळे परतले होते. आत त्याची बायको राजमती मुगाचं पाणी गाळत होती, सोप्यात सतरंज्या पडल्या होत्या, आणि हा घरचा कर्ता पायरीवर उभा राहून लोकांच्या चपला उगाच सरळ करत होता. बेंगळुरूहून आलेली त्याची लेक दीप्ती कालपासून हात धुऊन त्याच्या मागं लागली होती.

"पप्पा, आप्पांना सांगितलंत का?"

"पारणं होऊ दे की गं."

"कालपण हेच म्हणालात. मला संध्याकाळच्या गाडीनं जायचंय. काकांचं हो की नाही, ते आज घेऊन जायचंय. नाहीतर कंपनी इथं हुबळीचा मुलगा बसवणार."

"बसवू दे. मराठी येतंय का त्याला?"

"नाही."

"मग लोक त्याला बसू देतील व्हय?"

"लोकांनीच सही केलीय पप्पा."

हे गोमटेशला माहीत होतं. महिनाभर माहीत होतं आणि तो ते गिळून बसला होता.

गोष्ट तशी साधी होती. त्याचा धाकटा भाऊ, चंदनाचा नवरा सन्मती, अठरा वर्षं एकच काम करत आला होता. निपाणीपासून चिकोडीपर्यंतच्या पतसंस्था, दूध संस्था, दोन-चार शाळा, जिथं म्हणून कॉम्प्युटर होता तिथं जाऊन त्यानं त्यावर लिनक्स चढवलं होतं. कॉम्प्युटर जिच्या जोरावर चालतो ती मूळ प्रणाली. हिला मालक नाही. जगभरच्या लोकांनी मिळून ती लिहिली आणि आतल्या सगळ्या खाणाखुणांसकट मोकळी सोडून दिली, कुणीही घ्या, बदला, वाटा. सन्मतीनं त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बसवलं. सकाळी कन्नडमधून ठराव लिहिणाऱ्या कारकुनानं दुपारी मराठीतून सभेची नोटीस काढावी, इतकं सोपं करून दिलं. त्याला नाव ठेवलं 'पाणपोई'. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. बसवायला हाच, शिकवायला हाच, बिघडलं की मोटारसायकल काढून पळत जाणारा हाच. लोकांनी त्याला शाली घातल्या. इतक्या घातल्या, की राजमती दर थंडीत तंबाखूच्या वखारीवरच्या बायकांना त्या वाटायची आणि तरी कपाट रिकामं होत नव्हतं.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सन्मतीला डेंग्यू झाला. तो दवाखान्यात पडला आणि नेमका त्याच आठवड्यात एका अपडेटनंतर निम्म्या संस्थांचे प्रिंटर बसले. कारकून लॅपटॉप घेऊन त्याच्या खाटेभोवती उभे राहायचे, सलाईन लावलेल्या हातानं तो बटणं दाबायचा. पतसंस्थांच्या महासंघाच्या सभेत हिशेब तपासायला आलेल्या माणसानं सरळ विचारलं, तुमचा सगळा कारभार एका माणसाच्या तापावर चाललाय काय? करार कुठाय? जबाबदार कोण? महासंघानं ठराव केला: प्रणाली हीच ठेवायची, कारण ती चांगली आहे, पण देखभालीला रीतसर कंपनी नेमायची. नेमली ती तुंगा सिस्टिम्स. दीप्ती तिथंच नोकरीला. तिथं प्रणाली फुकट मिळायची आणि हमी विकत.

गोमटेशनं हे पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. तंबाखूचा व्यापारी तो. "फुकटचा माल कुठला कारखानदार घेत न्हाय रं," तो तेव्हा म्हणाला होता, "घेतला तर चारदा चाळून बघतो, यातलं काय काढून ठेवलंय म्हणून. थोडा का होईना, दर लाव." आता आपलं खरं झालं म्हणून त्याला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटत नव्हतं. भाऊ दवाखान्यात असताना त्याच्या पायाशी बसून त्यानं ते कारकून बघितले होते, आणि तेव्हापासून त्याला आपलं ते जुनं बोलणं आठवलं की लाज वाटायची. बोलला होता, पण दुसऱ्यांदा बोलला नव्हता. थोरल्या भावानं दुसऱ्यांदा बोलायला पाहिजे होतं.

"काका तयार आहेत का, ते तरी कळलं का तुम्हाला?" दीप्तीनं विचारलं.

"त्याच्या तयारीनं काय होतंय? नियम हाय त्याचा. आणि नियम घालणारे आप्पा आत जपाला बसल्यात."

*

आतल्या खोलीत चंदना भिंतीला टेकून बसली होती. शेजारपाजारच्या बायका येत होत्या, तिच्या पाया पडत होत्या, "साता हाय न्हवं?" म्हणजे बरं आहे ना, असं विचारून जात होत्या. ती मान हलवायची. दहा दिवस उकळलेल्या पाण्यावर काढलेल्या माणसाला बोलायचं म्हटलं तरी कष्ट पडतात. पण कान मात्र भारी तिखट होतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. पायरीवरची बापलेकीची कुजबुज तिला शब्द न् शब्द ऐकू आली होती.

दीप्ती आत आली, दार लोटून घेतलं आणि तिच्या गुडघ्यापाशी बसली.

"काकू, तुमच्याशी बोलायचं होतं. आज बोलावं की नाही..."

"बोल. ऐकायला ताकद लागत नाही."

"निपाणीत ऑफिस निघतंय. काकांना प्रमुख करतील. पगार, रजा, आजारी पडले तर दवाखाना, सगळं. मी भांडून ही जागा मिळवलीय काकू. आमचा मॅनेजर म्हणत होता, ह्या माणसाकडं ना करार, ना पावती, कशावरून अनुभव धरायचा? मी म्हटलं, अख्खा भाग ह्यांनीच उभा केलाय, तुम्ही जेवायला बसताय ते पान ह्यांनी वाढलंय."

"मग?"

"मग तयार झाले. आज हो म्हणायचं आहे फक्त."

चंदनानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "नियम आहे गं त्यांचा."

अठरा वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. सन्मती बेळगावहून इंजिनिअर होऊन आलेला. त्यानं वडिलांना, जिनदत्त आप्पांना, लिनक्सची एक चकती दाखवली आणि समजावून सांगितलं, की हे सगळ्या जगानं लिहिलंय आणि सगळ्या जगाला वाटून टाकलंय. आप्पा ऐकत राहिले. त्यांच्या घराण्यात शास्त्रदानाची रीत होती. ग्रंथ छापून घ्यायचे आणि बस्तीबस्तीतून फुकट वाटायचे. ज्ञान विकायचं नाही. आप्पांचे डोळे भरून आले. "अरं, हे शास्त्रदानच की," ते म्हणाले, आणि त्याच आठवड्यात लेकाला घेऊन चातुर्मासाला बसलेल्या मुनिमहाराजांकडं गेले. लोक महाराजांसमोर बटाटा सोडतात, कांदा सोडतात, रात्रीचं पाणी सोडतात. आप्पांनी पोराला त्याच्या विद्येचा मोबदला सोडायला लावला. जन्मभरासाठी. चंदना मागं तांदळाचं ताट घेऊन उभी होती. तिला तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता, आणि हे तिनं कधी नाकारलं नाही.

पुढं बेळगावच्या एका शाळेत तिला कायमची नोकरी मिळत होती. सन्मती म्हणाला, आपण तिकडं गेलो तर पाणपोई कोण बघणार? तिनं नोकरी सोडली. निपाणीतल्या विनाअनुदानित शाळेत लागली, सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतल्या. दिराच्या माडीवर संसार केला. कुणी विचारलं तर सांगायची, नियम आहे ह्यांचा. सांगताना मान ताठ व्हायची.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?" दीप्तीनं विचारलं.

"मला वाटायचं काय त्यात?" चंदना म्हणाली. पण ते खरं नव्हतं. उपवासात काही मागायचं नसतं. मागितलं की ते निदान, म्हणजे फळाची इच्छा, आणि सगळी तपश्चर्या मातीत. आणि तिनं सहाव्या दिवशी, चक्कर येऊन पडली तेव्हा, मागितलं होतं. सुटका होऊ दे, एवढंच. कुणाची, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

*

सोप्यात माणसं जमली. चंदनाला पाटावर बसवलं. दहा उपवास केलेल्या बाईला पहिला घोट नवऱ्यानं द्यायचा, मग घरातल्यांनी एकेक. सन्मती पांढरं धोतर नेसून शेजारी बसला होता. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत, डेंग्यूनंतर अजून न भरलेला माणूस. तो कुणाकडंच बघत नव्हता. जिनदत्त आप्पा खुर्चीत. ऐंशी ओलांडली तरी पाठ सरळ.

राजमती वाटी घेऊन येणार तेवढ्यात परशराम आला. हा एका पतसंस्थेचा चेअरमन, मोठ्या आवाजाचा आणि चांगल्या मनाचा. अशा माणसांना कुठं काय बोलू नये ते कळत नाही. काखेत शाल होतीच.

"थांबा थांबा, आधी आमच्या संस्थेच्या वतीनं वैनींचा सत्कार," म्हणत त्यानं शाल उलगडली. चंदनाच्या खांद्यावर ती पडली आणि माडीवरच्या कपाटात आणखी एकीची सोय करावी लागणार हे राजमतीच्या तोंडावर दिसलं. मग परशराम आप्पांच्या पाया पडला. "आणि आप्पा, ते कंपनीचं काय मनाला लावून घिऊ नका हं. झाड सन्मतीचंच. पाणी घालायचं तेवढं कंत्राट आमी दिलंय."

"कसली कंपनी?" आप्पांनी विचारलं.

परशरामनं गोमटेशकडं बघितलं. गोमटेशनं सतरंजीकडं. "आयतु, झालं तर, मी आपला निघतो," परशराम म्हणाला, पण निघायला वाट नव्हती, म्हणून तिथंच दाराला टेकून उभा राहिला.

"गोमटेश, कसली कंपनी?"

मग गोमटेशनं सांगितलं. डेंग्यूपासून ठरावापर्यंत सगळं. आप्पांनी नातीला जवळ बोलावलं.

"दीप्ती, तुझी कंपनी काय इकती? ते तर फुकटच हाय न्हवं?"

"प्रणाली फुकटच आहे आप्पा. ती आम्ही विकतच नाही. आम्ही हमी विकतो. बंद पडलं तर कोण येणार, किती वेळात येणार, नवीन अपडेट आलं तर ते संस्थेत जायच्या आधी कोण तपासून बघणार. त्याखाली सही करतो. सगळीकडं हे असंच झालंय. मोठ्या बँका, सरकारी खाती, सगळे आता हीच प्रणाली वापरतात. पण वर्षानुवर्षं ती फुकट मिळत होती तेव्हा हात लावत नव्हते. मागं उभा राहणारा कुणीतरी दिसला, तेव्हा लावला."

"आणि सन्मती उभा न्हवता व्हय इतकी वर्षं?"

"होते की. पण एकटे. आणि करार नव्हता. करार करायचा तर पैसे घ्यावे लागतात आप्पा. फुकट काम करणाऱ्याला जाब कसा विचारणार लोक? ते आजारी पडले तर रागवायचीसुद्धा चोरी."

परशराम दारातून हळूच म्हणाला, "तेच तर. आमाला सन्मतीला फोन करताना लाज वाटायची ओ. चार वेळा बिघडलं तर एकदा सांगत हुतो. बाकीचं तसंच रेटायचं."

सन्मतीनं एकदम वर बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की आपलं काम फारसं बिघडत नाही.

आप्पा मात्र दुसरीकडंच पोचले होते. त्यांना तंबाखूच्या बाजारातली वडिलांची पाणपोई दिसत होती. उन्हाळ्याचे चार महिने, गोणपाटाच्या सावलीत ओळीनं रांजण, गाडीवाले येणार, ओंजळीनं पिणार. दान वडिलांचं. पण रांजण भरायची मनुबाई. पहाटे आडावरून खेपा घालायची. तिची मजुरी दर शनिवारी न चुकता घरातून जायची, दिवाळीला लुगडं जायचं, आणि एकदा तिचा पाय मुरगळला तर वडिलांनी बदली बाई ठेवून हिलाही मजुरी दिली होती. लहानपणी आप्पा स्वतः ती मजुरी पोचवायला जायचे. एवढं सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस.

"दान पाण्याचं हुतं," आप्पा म्हणाले. कुणाशी बोलत होते ते कळेना. "मनुबाईचं न्हवतं."

"काय म्हणालात आप्पा?" गोमटेश पुढं झाला.

"चुकलं माझं, म्हणालो. ग्रंथ फुकट द्यायचा हे बरोबर. पण बस्तीत तो वाचून दाखवणाऱ्या उपाध्यांना आपण दक्षिणा देतोच की. माझ्या बानं पाणी दान केलं आणि पाणी भरणारीला मजुरी दिली. मी पोरालाच पाणी भरायला लावलं आणि त्याची मजुरी बंद केली. वर महाराजांच्या फुडं उभा करून शपथ घातली. का, तर बस्तीत लोक म्हणायला लागलं, जिनदत्तांचं घराणं ज्ञानदानी. मला ते लई गोड लागायचं."

आप्पांनी आयुष्यात चूक कबूल केल्याचं घरातल्या कुणाला आठवत नव्हतं. गोमटेशला एकदम वडील फार म्हातारे दिसायला लागले. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कैक वर्षांत वखारीच्या दारापासून सरकीच्या तेलापर्यंत या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं.

"उद्या महाराजांकडं जाऊ," आप्पा म्हणाले. "ज्यांनी नियम दिला ते तर समाधी घिऊन गेले. पण आत्ता चातुर्मासाला आल्यात, त्यांच्याकडनं सोडवून घिऊ. प्रायश्चित्त मी घेतो. सांगतील तेवढे उपवास करतो."

"ह्या वयात उपवास कुठले? मी करतो," गोमटेश म्हणाला, आणि राजमतीनं चमकून नवऱ्याकडं बघितलं.

"म्हणजे हो कळवू?" दीप्तीचा आवाज हलका झाला.

"नको."

हे चंदना म्हणाली. दहा दिवसांत तिचा एवढा स्वच्छ आवाज कुणी ऐकला नव्हता. खांद्यावरची शाल तिनं काढून बाजूला ठेवली.

"नियम मोडायचा नाही आप्पा."

"चंदना, तू तरी असं म्हणू नकोस," गोमटेश कळवळून म्हणाला. "सगळ्यांत जास्त तूच सोसलंयस."

"म्हणूनच म्हणते. तुम्ही नियम घातला, ह्यांनी घेतला, पण पाळला मी भाऊजी. बेळगावची नोकरी सोडली. तुमच्या माडीवर राहिले. पोरांच्या शिकवण्या घेऊन घसा फोडून घेतला. दर वेळी मनाला समजावलं, की हे असंतसं नाही, महाराजांसमोर दिलेला शब्द आहे. आता पगाराची नोकरी आली म्हणून तो सोडून द्यायचा? एका प्रायश्चित्तात सुटण्यासारखा होता, तर तो आधीच का सोडवला नाही कुणी? मग मी एवढी वर्षं काय केलं?"

आप्पांनी मान खाली घातली. दीप्ती काकूकडं बघत राहिली. जिच्यासाठी म्हणून ती भांडली होती, तीच आडवी उभी होती.

"हे शब्दानं मोठे आहेत," चंदना म्हणाली. "त्यांच्याकडं तेवढंच आहे. तेवढं तरी राहू दे."

सन्मतीला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

सकाळपासून तो ठरवत होता, की गप्प राहायचं. दीप्ती विचारेल, आप्पा नको म्हणतील, आपण मान हलवायची आणि संपलं. असंच तर चालत आलं होतं. पण आप्पांनी माफी मागितली, गोमटेशअण्णा उपवास करायला निघाला, आणि ही भुकेनं अर्धी झालेली बाई त्याच्या शब्दासाठी सगळ्या घराविरुद्ध उभी राहिली. हे त्याला सोसेना.

"नियम न्हाय, चंदना," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"नियम सुटलाय. कवाच."

कुणाला काही कळलं नाही. तो खाली बघून बोलत राहिला, कारण वर बघितलं असतं तर बोलणं झालं नसतं.

"महाराजांनी समाधी घ्यायच्या आधी मी दर्शनाला गेलतो. सहा वर्षं झाली. लई गर्दी हुती. त्यांनी मला वळखलं. जवळ बोलवून विचारलं, तो मोबदल्याचा नियम अजून पाळतोस काय? मी व्हय म्हटलं. तर म्हणाले, गृहस्थानं घर चालवावं. तो नियम तुझ्या वडलांच्या हौसेचा हुता, मीही नीट विचार केला न्हाय. आजपासून तू मोकळा आहेस. डोक्यावर मोरपिसांची पिंछी ठेवली. झालं."

"आणि तू सांगितला न्हाईस," आप्पा म्हणाले.

"न्हाय."

"का रं बाळा?"

कैक वर्षांत आप्पांनी त्याला बाळा म्हटलं नव्हतं. सन्मतीनं धोतराचा सोगा मुठीत धरला.

"नियम हुता तोवर मला कुणी काय विचारत न्हवतं. मोठा माणूस म्हणत हुते. मोकळा झाल्यावर दर लावायला पाहिजे हुता. अण्णा म्हणाला हुता तसा, थोडा का होईना. आणि लावला असता आणि लोकांनी नको म्हटलं असतं तर? माझं काम चांगलं हाय म्हणून बोलवत्यात का फुकट हाय म्हणून, हे मला कळून घ्यायचं न्हवतं. मग मी परत येताना एसटीत ठरवलं, कुणाला सांगायचं न्हाय. नियम हाय म्हणूनच सांगायचं."

"काका," दीप्ती अगदी हळू म्हणाली, "महासंघानं आता पैसे मोजून जे घेतलंय ना, ते तुमचंच काम आहे. त्यांना दुसरी प्रणाली दाखवली होती. त्यांनी पाणपोईच मागितली."

"व्हय. आता कळालं."

"सहा वर्षांपूर्वी विचारलं असतं तरी आमी दिलं असतं की ओ," दारातून परशराम म्हणाला. त्याला कुणी गप्प बसवलं नाही.

सन्मतीनं डोळे मिटले. त्याला आता एवढंच वाटत होतं, की चंदनानं काहीतरी बोलावं. ओरडली तरी चालेल. ती ओरडणाऱ्यातली नव्हती. तिनं त्याच्याकडं बघितलं, वर्गातल्या हुशार पोरानं कॉपी केलेली सापडावी तसं, रागापेक्षा अविश्वासानं.

"बारा वर्षं मी नियमाची केली," ती म्हणाली. "ती माझी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढची सहा कुणाची केली, तेवढं सांगा."

त्याला दोन-तीन उत्तरं सुचली. पाणपोईची, म्हणता आलं असतं. लोकांची, म्हणता आलं असतं. दोन्ही त्यानं यापूर्वी सत्काराच्या भाषणांत वापरलेली होती.

"भीतीची," तो म्हणाला. "माझ्या."

चंदनानं मान हलवली. उत्तर बरोबर आलं होतं. राजमती वाटी घेऊन आली आणि रीतीप्रमाणं सन्मतीच्या हातात द्यायला वाकली, तेव्हा चंदनानं मध्येच हात पुढं करून ती घेतली. कोमट मुगाचं पाणी तिनं स्वतःच, बेताबेतानं, सगळं संपेपर्यंत प्यायलं. आप्पा रडत होते. गोमटेशनं त्यांचा हात धरून ठेवला होता. कुणी तिला अडवलं नाही, पुढची वाटी घेऊनही कुणी पुढं आलं नाही.

तिनं पदरानं तोंड टिपलं आणि पुतणीकडं वळली.

"दीप्ती, कंपनीला हो म्हणून कळव. आणि सांग, की हा माणूस काम फार चांगलं करतो. बाकीचं त्यांना सांगायची गरज नाही."